अक्षय ऊर्जेचा कारभार: केंद्राने ठरवायचे की स्थानिकांनी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विकेंद्रित वीजनिर्मिती आणि विकेंद्रित कारभार या एकाच गोष्टी ना?

नाहीत. छतावरची सौर पॅनेल ही विकेंद्रित निर्मिती झाली, पण तिचा दर, जोडणीचा नियम आणि मीटरची पद्धत राजधानीतून ठरत असेल तर कारभार पूर्णपणे केंद्रित आहे. याच्या उलटही होते. चीनमध्ये हजारो मेगावॉटची पवन क्षेत्रे उभी राहिली, पण त्यांतल्या कित्येक प्रकल्पांना मंजुरी प्रांतिक आणि स्थानिक कार्यालयांनी दिली होती. म्हणून ‘विकेंद्रीकरण हवे’ असे कोणी म्हणाले की आधी विचारावे: कशाचे? यंत्रांचे, मालकीचे, की निर्णयाच्या सहीचे? या तिन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात.

मग धोरणात नेमके कोणकोणते निर्णय असतात?

निदान आठ: उद्दिष्ट किती, आधार दर (वीज विकत घेण्याचा आधीच ठरवून दिलेला दर) किंवा लिलाव कसा, जागा कुठली, ग्रिडजोडणी कोणत्या क्रमाने, पारेषण वाहिन्या कुठून, यंत्रांची तांत्रिक मानके कोणती, रोजच्या रोज कोणाची निर्मिती चालू ठेवायची आणि कोणाची कमी करायची, आणि तक्रार कोणाकडे करायची.

या आठांना एकच उत्तर नसते. प्रत्येक निर्णयाला तीन प्रश्न लावावेत. परिणाम किती दूरवर पोहोचतो? खरी माहिती कोणाच्या हातात आहे? चूक झाली तर बिल कोण भरतो? तिन्ही उत्तरे ज्या पातळीवर जुळतात, तिथे अधिकार द्यावा. जुळत नाहीत तिथेच घोळ होतो. मंजुरी एकाकडे, खर्च दुसऱ्याच्या माथी आणि वाहिनी तिसऱ्याच्या ताब्यात, अशी रचना सुरळीत चालल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

केंद्राकडेच असावेत असे निर्णय कोणते?

तांत्रिक मानके निःसंशय केंद्राकडे हवीत. जर्मनीतल्या सौर इन्व्हर्टरचे (पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्राचे) उदाहरण याबाबत फार बोलके आहे. तिथे लघुदाब जाळ्याला जोडलेल्या संचांसाठी जुना नियम असा होता की ग्रिडची वारंवारता (एरवी ५० हर्ट्झ) ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की इन्व्हर्टरने ताबडतोब स्वतःला तोडून घ्यायचे. सौर क्षमता किरकोळ होती तोवर हे योग्यच होते. पुढे छतांवर कित्येक गिगावॉट उभे राहिले. मग लक्षात आले की उन्हाळ्यातल्या दुपारी वारंवारता ५०.२ ला टेकली, तर हे सगळे संच एकाच क्षणी बंद पडतील. युरोपच्या जोडग्रिडमध्ये अशा अचानक धक्क्यासाठी राखून ठेवलेली क्षमता ३,००० मेगावॉट होती. धक्का त्याहून कितीतरी मोठा बसला असता. २०१२ मध्ये स्वतंत्र नियमावली काढून १० किलोवॉटच्या वरचे सुमारे ३ लाख संच दुरुस्त करायचे ठरले. वारंवारता वाढेल तशी निर्मिती टप्प्याटप्प्याने उतरवा, असा नवा नियम आला आणि खर्च वीजग्राहकांच्या बिलांत गेला. गावोगावच्या वितरकांनी आपापली मानके लावली असती, तर हा धोका कोणाला वेळेत दिसलाही नसता. वारंवारता सगळ्या ग्रिडची एकच असते, म्हणून तिचा नियमही एकच हवा.

दुसरा विषय लांब पल्ल्याच्या पारेषणाचा. जर्मनीच्या उत्तरेला वारा आहे आणि मोठे कारखाने दक्षिणेला. त्यांना जोडणारी सुमारे ७०० किलोमीटरची ‘सुएडलिंक’ ही एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी मुळात २०२२ मध्ये सुरू व्हायची होती. राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या वाहिन्यांच्या मंजुरीचा अधिकार २०११ च्या कायद्याने केंद्रीय यंत्रणेकडे गेला होता. तरीही बव्हेरियाच्या राज्य सरकारने आणि वाटेवरच्या गावांनी उंच मनोऱ्यांना विरोध केला, आणि २०१५ च्या अखेरीस अशा वाहिन्यांसाठी भूमिगत केबलला प्राधान्य देणारा कायदा झाला. मार्गाची आखणी जवळजवळ नव्याने करावी लागली आणि मुदत २०२८ पर्यंत लांबली. अधिकार केंद्राकडे आला म्हणजे संमतीही आपोआप आली, असे होत नाही.

आधी वाहिनी की आधी प्रकल्प?

वाहिनी. सौर प्रकल्प वर्षा-दीड वर्षात उभा राहतो. मोठ्या वाहिनीला दहा वर्षेही लागतात. प्रकल्प नाही म्हणून वाहिनी नाही आणि वाहिनी नाही म्हणून कर्ज नाही, हा तिढा अमेरिकेतल्या टेक्सस राज्याने सोडवला. २००५ च्या कायद्यानुसार राज्याच्या नियामक आयोगाने २००८ मध्ये पाच पवन क्षेत्रे जाहीर केली. विकासकांकडून आर्थिक बांधिलकीचे पुरावे घेतले आणि पवनचक्क्यांच्या आधी वाहिन्यांचे काम काढले. सुमारे ५,८०० किलोमीटर वाहिन्या, १८,५०० मेगावॉट वाहून नेण्याची सोय आणि जवळपास ७ अब्ज डॉलर खर्च. काम २०१३ च्या अखेरीपर्यंत उरकले. खर्च एकट्या पवन क्षेत्रांवर न टाकता त्या ग्रिडमधल्या सगळ्या ग्राहकांत वाटला.

हे केंद्रीकरण म्हणायचे की विकेंद्रीकरण? टेक्ससचे ग्रिड बहुतांशी राज्यातच सामावलेले असल्याने अमेरिकी संघीय नियामकाचा तिथे फारसा हात नव्हता. संघराज्याच्या दृष्टीने ही स्थानिक सत्ता, काउंटींच्या (राज्यातल्या जिल्ह्यांच्या) दृष्टीने पक्की केंद्रसत्ता. गाडे चालले ते मंजुरी, मार्ग आणि खर्चवाटप एकाच आयोगाकडे होते म्हणून. पण हेच स्वतंत्र ग्रिड फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत शेजाऱ्यांकडून पुरेशी वीज आणू शकले नाही, कारण शेजाऱ्यांशी जोड फारच तोकडे होते.

जागा कोणी ठरवावी?

सगळ्यात जास्त भांडणे इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

सगळे स्थानिकांवर सोडले तर काय होते? इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये सरकारने असा नियम केला की जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी जागा आधी स्थानिक आराखड्यात दाखवलेली हवी आणि रहिवाशांच्या हरकतींचे पूर्ण निराकरण झालेले हवे. दिसायला हा लोकांना अधिकार होता. प्रत्यक्षात एखाद-दुसरी हरकतही प्रस्ताव अडवायला पुरू लागली. नवे प्रकल्प जवळजवळ थांबले. नियोजनाचा अधिकार स्कॉटलंडकडे वेगळा असल्याने तिथे पवनचक्क्या उभ्या राहतच गेल्या. इंग्लंडमधला हा अडसर जुलै २०२४ मध्ये काढला. गंमत अशी की, ही स्थानिक ‘सत्ता’ वरूनच लादलेली होती.

बव्हेरियाने २०१४ मध्ये आणलेला नियम आणखी साधा: पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर वस्तीपासून ठेवा. २०० मीटर उंचीची चक्की म्हणजे २ किलोमीटर. दाट वस्तीच्या प्रदेशात नकाशावर २ किलोमीटरची वर्तुळे काढून पाहा. मध्ये काय उरते ते लगेच कळेल. नवे अर्ज कोसळले.

आता दुसरे टोक. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने २००९ च्या हरित ऊर्जा कायद्याने अक्षय ऊर्जा प्रकल्पांवरचा नगरपालिकांचा भूवापराचा अधिकारच काढून घेतला आणि वस्तीपासून किमान ५५० मीटरचे प्रांतिक अंतर लावले. प्रकल्प वेगाने आले, पण आपल्याला कोणी विचारत नाही हा राग ग्रामीण भागात साचत गेला. २०१८ मध्ये सरकार बदलताच ७५८ करार रद्द झाले, कायदाही गेला आणि तो अधिकार नगरपालिकांकडे परतला. अमेरिकेतली दोन शेजारी राज्ये आज हीच दोन टोके धरून आहेत: ओहायोने २०२१ मध्ये काउंटींना आपले भाग मोठ्या पवन-सौर प्रकल्पांसाठी बंद करण्याची मुभा दिली, तर मिशिगनने २०२३ मध्ये स्थानिक नियम जाचक असतील तर राज्याच्या आयोगाकडे जाण्याची वाट उघडली.

आम्हाला सर्वांत टिकाऊ वाटते ती जर्मनीची २०२२ ची तोड. ‘किती’ हे केंद्राने ठरवले आणि ‘कुठे’ हे राज्यांवर सोपवले. देशाच्या भूभागापैकी १.४ टक्के २०२७ च्या अखेरपर्यंत आणि २ टक्के २०३२ पर्यंत पवन ऊर्जेसाठी राखायचे. वाटणी सरसकट नाही, शहर-राज्यांना ०.५ टक्के, बव्हेरियाला १.८, तर काही राज्यांना २.२. खरी मेख पुढे आहे. एखाद्या राज्याने मुदतीत हिस्सा पूर्ण केला नाही, तर त्याचे अंतराचे नियम लागू होत नाहीत आणि पवनचक्क्यांना वस्तीबाहेर सर्वत्र मोकळीक मिळते. त्यामुळे चालढकल करणे राज्यालाच महाग पडते. नुसते उद्दिष्ट देऊन पूर्ण न झाल्यास काय हे लिहिले नसेल, तर ते उद्दिष्ट कागदावरच राहते.

मेगावॉटच्या मर्यादेवरून अधिकार वाटले तर?

सोपे वाटते, आणि हमखास अंगलट येते. चीनमध्ये ५० मेगावॉटखालील पवन प्रकल्पांची मंजुरी स्थानिक पातळीवर होती. मग १.५ मेगावॉटच्या ३३ चक्क्या लावून ४९.५ मेगावॉटचे प्रकल्प रांगेने उभे राहू लागले, कधी एकमेकांना खेटून. स्थानिक कार्यालयांना गुंतवणूक आणि कर हवा होता. वाहिनीची काळजी त्यांची नव्हती. २०११ मध्ये केंद्राने मंजुरीवर नियंत्रण आणले, पण तोवर क्षमता वाहिन्यांच्या पुढे निघून गेली होती. २०१६ मध्ये गान्सू प्रांतात पवन विजेची ४३ टक्के निर्मिती वाया गेली.

स्पेनमध्ये मर्यादा दराची होती. १०० किलोवॉटपर्यंतच्या सौर संचांना चढा दर, म्हणून एकाच शेतावरचा मोठा प्रकल्प १००-१०० किलोवॉटच्या तुकड्यांत वेगवेगळ्या मालकांच्या नावे नोंदला जाई.

मर्यादा ठेवायचीच असेल तर ती प्रकल्पावर नको, जोडबिंदूवर (प्रकल्प ग्रिडला जिथे जोडला जातो तिथे) ठेवा. एकाच उपकेंद्राला ठरावीक काळात जोडल्या जाणाऱ्या सर्व अर्जांची बेरीज धरायची. लगतचे सर्व्हे नंबर, समान लाभार्थी मालक आणि सामायिक वाहिनी, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या की प्रकल्प एकच मानायचा, असे नियमातच लिहावे.

दर आणि अनुदान कोणी ठरवावे?

जो पैसे देतो त्याने. स्पेनचा २००७ चा आदेश या बाबतीत मुळातून अभ्यासावा असा आहे. सौर विजेचा उदार दर माद्रिदमधल्या केंद्र सरकारने ठरवला. बहुतेक परवाने स्वायत्त प्रदेशांनी दिले. बोजा देशभरच्या वीज व्यवस्थेवर पडला. प्रत्येक प्रदेशाला परवाना देण्यात फायदा आणि नकार देण्यात तोटा होता. उद्दिष्ट ३७१ मेगावॉटचे होते. त्याच्या ८५ टक्क्यांना पोहोचल्यावरही किमान १२ महिने जुना दर चालू राहील अशी तरतूद होती. त्या खिडकीत झुंबड उडाली आणि एकट्या २००८ मध्ये २,५०० मेगावॉटहून अधिक सौर क्षमता उभी राहिली. पुढे सरकारने चालू प्रकल्पांचेही उत्पन्न कापले आणि गुंतवणूकदारांचे आंतरराष्ट्रीय लवाद वर्षानुवर्षे चालले.

तेव्हा दर केंद्राचा असेल तर क्षमतेची नोंदणीही केंद्राची हवी. ठरलेला आकडा भरला की नोंदणी त्याच दिवशी बंद, किंवा दर आपोआप एक पायरी खाली. त्यात ‘आणखी १२ महिने’ नको. स्थानिक संस्थेला वाढीव अनुदान द्यायचे असेल तर खुशाल द्यावे, पण स्वतःच्या तिजोरीतून.

छतावरच्या सौर संचांसाठी स्थानिक पातळी का महत्त्वाची?

कारण अडचण रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) दिसते, राजधानीत नाही. दुपारी घरांतला वापर कमी आणि पॅनेलची निर्मिती भरात असली की वीज फीडरवरून (उपकेंद्रातून वस्तीकडे येणाऱ्या वाहिनीवरून) उलटी वाहू लागते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज चढते आणि मर्यादा ओलांडताच तिथला इन्व्हर्टर बंद पडतो. तक्रार नेहमी टोकाच्या घराची येते. रोहित्राजवळच्या शेजाऱ्याला काहीच जाणवत नाही. उपाय स्वस्तापासून महागाकडे असे: रोहित्राचा टॅप (त्यातून बाहेर पडणारे व्होल्टेज ठरवणारी जोडणी) एक पायरी खाली घेणे, इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेजनुसार रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) घेण्याची सेटिंग चालू करणे, फेजांवरचा भार समतोल करणे, जाड तार ओढणे, मोठे रोहित्र बसवणे.

यातले काय करायचे हे फीडरच्या नोंदी पाहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत बराच काळ एक ठोकताळा वापरात होता: वाहिनीच्या वार्षिक कमाल मागणीच्या १५ टक्क्यांपर्यंतची निर्मिती झटपट जोडायची, त्यापुढे सविस्तर अभ्यास. चाळणी म्हणून ठीक. पण कित्येक ठिकाणी तीच कमाल मर्यादा असल्यासारखी वागवली गेली. कॅलिफोर्नियाने पुढे फीडरनिहाय क्षमतेचे नकाशे आणले. अर्ज करण्याआधीच आपल्या वाहिनीवर किती जागा आहे हे दिसू लागले की निम्मी टोलवाटोलवी तिथेच संपते.

‘एक खिडकी’ आणि ‘मानीव मंजुरी’ने काम होते का?

खिडकीमागे अधिकार असेल तरच. नुसते अर्ज गोळा करून दहा खात्यांना पाठवणारी खिडकी म्हणजे अकरावे खाते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या निर्देशात एक संपर्कबिंदू आणि सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत होती, १५० किलोवॉटखाली एक वर्ष. पण घड्याळ ‘परिपूर्ण अर्ज’ मिळाल्यापासून सुरू होणार असेल, तर पळवाट उरते. अर्ज परिपूर्ण नाही असे म्हणत राहिले की ते सुरूच होत नाही. म्हणून त्रुटी काढायची ती एकदाच, लेखी आणि ३० दिवसांच्या आत, असा नियम मुदतीइतकाच गरजेचा आहे.

मानीव मंजुरी, म्हणजे मुदतीत निर्णय न आल्यास मंजुरी मिळाली असे धरणे, छोट्या छत-संचांना चांगली. मोठ्या प्रकल्पांना धोक्याची: मुदत संपत आली की घाबरलेला अधिकारी सरळ नकार देऊन मोकळा होतो, आणि मंजुरी मिळालीच तर तीमागे कारणमीमांसा नसल्याने न्यायालयात टिकणे अवघड.

स्थानिकांना वाटा दिला की विरोध मावळतो?

काही अंशी. कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुंडेन सागरी प्रकल्पात २० चक्क्या, एकूण ४० मेगावॉट, आणि निम्मी मालकी हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेची. डेन्मार्कने २००९ पासून ४.५ किलोमीटरच्या परिघातल्या रहिवाशांना आधी विचारून २० टक्के समभाग देऊ करण्याचे विकासकांवर बंधन घातले. २०२० मध्ये ते काढले. या योजनेत एक उणीव होती. समभाग घ्यायला हातात पैसे लागतात, आणि चक्कीची सावली ज्याच्या खिडकीत फिरते त्याच्याकडे ते असतीलच असे नाही. थेट भरपाई किंवा वीजबिलातली सूट जास्त लोकांपर्यंत पोहोचते. आणि हे सगळे जागा ठरण्याआधी सांगायचे. नंतर सांगितले तर तोंड बंद करायला दिलेले पैसे वाटतात.

निर्मिती कापावी लागली तर भरपाई कोणी द्यावी?

वाहिनी वेळेत न बांधण्याची जबाबदारी ज्याची, त्याच्यावर निदान काही भार पडावा. ब्रिटनमध्ये २०१० पासून, पुढचे जाळे बळकट होण्याची वाट न पाहता प्रकल्प जोडून घेण्याचे धोरण आले. जोडण्या वेगाने झाल्या, पण स्कॉटलंडमधून इंग्लंडकडे जाणारा मार्ग अरुंदच राहिला. वारा जोरात असला की तिथल्या चक्क्या थांबवायला पैसे द्यावे लागतात आणि ते सगळ्या ग्राहकांकडून वसूल होतात. जर्मनीने ऑक्टोबर २०२१ पासून १०० किलोवॉट आणि त्यावरचे सगळे संच या कपातीच्या नियोजनात आणले. त्यामुळे शेकडो स्थानिक वितरकांवर रोजचे अंदाज पाठवण्याचे काम आले. माहितीचा साचा सारखा नसेल तर हे काम पहिल्या आठवड्यातच कोलमडते.

घटनेतच अधिकार वाटलेले असतील तर?

तर चौकट तीच, हालचालीला जागा कमी. युरोपीय संघाच्या करारातील कलम १९४ नुसार कोणते इंधन वापरायचे हे सदस्य देशाच्या हाती राहते. म्हणून २०३० चे ४२.५ टक्क्यांचे उद्दिष्ट संघावर बंधनकारक आहे, पण २०२० प्रमाणे देशनिहाय सक्तीचे आकडे नाहीत. देशांनी आराखडे द्यायचे आणि युरोपीय आयोगाने शेरे मारायचे. भारतात वीज समवर्ती सूचीत आहे, जमीन राज्यांकडे. अशा ठिकाणी पैसा आणि पारेषण हीच केंद्राची खरी साधने.

अधिकार एका पातळीवरून दुसरीकडे हलवताना काय जपावे?

आधीच दाखल झालेले अर्ज. नव्या कायद्याची चाहूल लागली की जुन्या नियमांखाली अर्जांचा ढीग पडतो, त्यांतले बरेचसे पोकळ. त्यासाठी एक मागील तारीख जाहीर करावी: त्या दिवशी जमिनीचा ताबा आणि जोडणीची अनामत असलेले अर्ज जुन्या नियमांनी, बाकीचे नव्याने. दस्तऐवज हलण्याआधी माणसे हलवावीत. ज्या कार्यालयाला नवा अधिकार मिळतो तिथे पारेषण आणि संरक्षण-रिले (बिघाड होताच वाहिनी तोडायला लावणारी उपकरणे) समजणारे अभियंते नसतील, तर पहिले वर्षभर फायली नुसत्या पडून राहतात. मधल्या काळात जुन्या कार्यालयाला सहीचा अधिकार किमान सहा महिने चालू ठेवावा, आणि तो कोणत्या तारखेला संपतो हे अधिसूचनेत स्पष्ट छापावे. नाहीतर एकाच जोडबिंदूवर दोन कार्यालये दोन वेगळ्या प्रकल्पांना परवाने देतात आणि ते लक्षात येते ते दुसऱ्याची केबल उपकेंद्रापर्यंत आल्यावर.